डाग नसलेली चादर

बसा, जरा सरकून बसा. एक गोष्ट सांगतो, पण मध्येच उठून जायचं नाही.

इस्पितळाच्या तळघरात धुलाईखाना. तिथे दोघे सख्खे भाऊ कामाला. ओल्या चादरीचं एक टोक थोरल्याच्या हातात, एक धाकट्याच्या; हा इकडून पिळणार, तो तिकडून. वीस वर्षं हेच. थोरल्याला सगळे 'डॉक्टर' म्हणायचे. का? तर नुसती चादर बघून पेशंटचा आजार सांगायचा. अन् बऱ्याचदा बरोबर निघायचा, तिथंच तर घोळ झाला.

एका सोमवारी धाकटा पिळता पिळता वाकलाच.

"दादा, उजवीकडे फार दुखतंय रे. वर दाखवून येतो."

"अपेंडिक्स लहानपणीच काढलंय तुझं. आता तिथे काय दुखणार, माझं डोकं? धर टोक!"

दुसऱ्या दिवशी धाकटा कामावर आला नाही. थोरला त्याच्या घरी गेला, अंथरुणावरची चादर ओढून उजेडात धरली. उलटी नाही, रक्त नाही, घामाचा डागसुद्धा नाही.

"कोरी करकरीत! नाटकं पुरे."

धाकट्याची बायको म्हणाली, "दादा, चादरीला काय विचारताय? माणसाला विचारा की. सरळ उभं राहवत नाही त्यांना."

"अगं, माझा जन्म गेला यात."

तीन दिवस थोरला रोज चादर बघून गेला. चादर रोज कोरी.

शुक्रवारी धाकट्याला उचलूनच आणला. धुलाईखान्यापासून डॉक्टर दोन मजले वर होते हो. दोनच.

ऑपरेशन करून डॉक्टरबाई बाहेर आल्या. म्हणाल्या, "आतड्यांवर चरबीचा पदर असतो, त्याला पीळ पडला होता. फार क्वचित होतं असं. यात कधी कधी उलटी नाही, ताप नाही, नुसतं दुखतं. रक्तपुरवठा तुटला, पदर काळा पडून सडला. आता विष अंगभर गेलंय. सोमवारीच आणायचं होतंत."

रविवारी धाकटा गेला.

पुढच्या गठ्ठ्यात त्याच्या खाटेची चादर खाली आली. कोपऱ्यावर खाटेचा नंबर शिवलेला, म्हणून कळलं. थोरल्याने उलगडली. सगळे डाग होते तिच्यावर. त्याने एकही वाचला नाही.

धाकट्याची बायको आता त्याला दादा म्हणत नाही. काहीच म्हणत नाही.

तो अजून कामावर येतो. चादरीचं एक टोक खुंटीला अडकवतो अन् एकटाच पिळतो. निम्मं पाणी तसंच राहतं. तुम्ही उद्या तळघरातून जाल ना, तर धीरबिर देऊ नका त्याला. नुसतं ते दुसरं टोक धरा.