निळीच्या माठासाठी एक थाप

निळीचा माठ नासला की रंगाऱ्याने गावात एक थाप सोडायची. ती जितकी पळेल तितका माठ लवकर सुधारतो. जर्मन रंगाच्या पुड्या सोलापूरच्या पेठेत येऊन वर्षं झाली, सन एकोणीसशे सव्वीस उजाडलं, तरी निराळ्यांच्या, म्हणजे निळीत कापड रंगवणाऱ्यांच्या, घरांत ही समजूत पक्की होती.

धोंडप्पा निराळ्याचा माठ नासला. मंगळवेढ्यात दोन तोंडांचं वासरू झालंय, असं त्याने सांगून पाहिलं. लोक हसले आणि विसरले. मग हा शहाणा भर बाजारात म्हणाला, "आमच्या नागव्वाचं लगीन मोडलं!" नागव्वा त्याची एकुलती एक मुलगी, अक्कलकोटच्या शिवपुत्राशी ठरलेली. दुसऱ्याच्या घराला कशाला डाग लावा, असा त्याचा भलेपणा. लग्न लागलं की थाप आपोआप विरेल, असं त्याला वाटलं.

थाप पळाली. लग्न का मोडलं ते धोंडप्पाने सांगितलं नव्हतं, म्हणून लोकांनीच कारण जोडलं: पोरीच्या पाठीवर कोड आहे. इकडे माठ सुधारला, त्यावर तांबूस चकाकी आली आणि धोंडप्पाने नारळ फोडला. त्याच सकाळी अक्कलकोटची बैलगाडी दारात थांबली. शिवपुत्र उतरला, आणि त्याला वाढवणारी त्याची चुलती सोनाबाई.

नागव्वाच्या आईने, निंगव्वाने, गुळाच्या पाण्याचे पेले पुढे केले. धोंडप्पाने हात जोडले.

"माठासाठी बोललो वो. सगळं खोटं हाय."

"आमी बी निराळीच हाव," सोनाबाई म्हणाली. "पर आपल्याच पोरीचं नाव कुणी घेतं व्हय? पोरीची पाठ दावा."

निंगव्वाचा चेहरा उतरला. नागव्वाने शिवपुत्राकडे पाहिलं. तो पेल्यात बघत होता.

आतल्या खोलीत सोनाबाईने तिला खिडकीशी उभं केलं. वरून काही फासलंय का म्हणून अंगठा ओला करून पाठ घासून पाहिली. नागव्वाने दात आवळून धरले होते.

"काय न्हाय. पोर नितळ हाय," सोनाबाई बाहेर येऊन म्हणाली, आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. शिवपुत्रालाही कंठ फुटला. तो इंग्रजी शाळेत तीन इयत्ता शिकला होता.

"मामा, आमचं मास्तर सांगायचं, बदल दोन तऱ्हेचं. हा पेल्यातला गूळ दिसत न्हाय, पर पाणी आटवलं की गूळ माघारी. तसंच झालं की हे! थाप गेली, ठरलेलं लगीन माघारी."

"आणि दुसरा बदल?" नागव्वा दारातून म्हणाली.

"त्यात वस्तूच दुसरी हुती. ती अशी माघारी येत न्हाय."

नागव्वा माठाशी गेली आणि वाटीभर आंबूस पाणी आणून त्याच्यापुढे ठेवलं. "ह्यात बी मी गूळच घातला हुता. आता आंबलाय. आटवा, आणि द्या माझा गूळ माघारी."

"खुळी झालीस का गं?" धोंडप्पा ओरडला.

"आबा, तुमची थाप मी पचवली असती. लोकांची बी. पर माझी पाठ बघायला निघाल्या, तवा हे पेल्यात बघत बसलं."

शिवपुत्राचा चेहरा पांढरा पडला. "चुकलंच माझं. आता बोलतो की मी. काकूला सांगतो..."

"तवा बोलायचं हुतं."

पुन्हा आपल्याला कोण मागणी घालणार, ही भीती तिला नव्हती असं कोण म्हणेल? पोरीने केलं ते बरोबरच केलं, असं माझं मत आहे.

गाडी गेली. निंगव्वा पदर तोंडाला लावून रडत बसली. पलीकडच्या भिंतीवरून शेजारीण बजाबाईने डोकं काढलं.

"धोंडप्पा, पाव्हणं येऊन गेलं न्हवं? मग लगीन मोडल्याची ती थापच म्हणायची की!"

धोंडप्पा माठावर झाकण ठेवायला वळला.

"थाप न्हाय, मावशी," नागव्वा म्हणाली. "मी मोडलं."