करंड्यातला केशरी

"काकू, मान जरा वर," निकिता म्हणाली.

आठ वर्षं ती मला ताई म्हणत होती. वाघोलीच्या या हॉलमध्ये, तीस मुलींसमोर, मी काकू झाले.

चूक माझीही होती. 'माझ्या पहिल्या वर्कशॉपला तुम्ही हव्यातच' असा तिचा फोन आला आणि मी ठेवणीतली रेशमी साडी काढली. शाल, नारळ, दोन शब्द. त्या दोन शब्दांची तयारीसुद्धा रिक्षात करून झाली होती. इथे आल्यावर कळलं, मी हवी होते ती मॉडेल म्हणून.

"वयस्कर त्वचा, काळी वर्तुळं, वांग. सगळं एकाच चेहऱ्यावर मिळतंय," तिनं मुलींना सांगितलं. माझ्या साडीवर टॉवेल आला.

शिकवत मात्र छान होती. "डोळ्यांखाली काळं नसतं, निळसर असतं. त्यावर थेट फाउंडेशन लावलं की चेहरा राख फासल्यासारखा दिसतो. रंगचक्रात निळ्याच्या समोर कोण? केशरी. आधी तो, मग त्वचेचा रंग."

रंगचक्र काही माझ्या मालकीचं नाही. मीही ते बुधवार पेठेतून आणलेल्या जुन्या पुस्तकात वाचलं, निम्मं न कळता. पण कर्वेनगरला माझ्या पार्लरमध्ये आली तेव्हा या मुलीला भुवयांचा दोराही धरता येत नव्हता.

पुढच्या रांगेतल्या चष्मेवालीनं विचारलं, "मॅम, हे तुम्हाला सुचलं कसं? कोर्स केलेला?"

निकिताचं बोट माझ्या डोळ्याखाली थांबलं. मी वाट पाहिली. नुसतं नाव घेतलं असतं तरी पुरे होतं. विजयमाला म्हणायला वेळ तो कितीसा लागतो.

"कोर्स कसला," ती हसली. "आजीचा करंडा होता. माझ्या हातून पडला, हळदीत कुंकू मिसळलं. भरताना ते मनगटाला लागलं आणि तिथली निळी शीर दिसेनाशी झाली. त्या दिवशी समजलं."

तो करंडा माझ्या आईचा. ती गेल्यावर तिचं कपाट आवरताना माझ्या हातून पडलेला. ही गोष्ट मी आयुष्यात एकाच माणसाला सांगितली होती.

मुली वहीत उतरवून घेत होत्या.

"चला काकू, खिडकीशी. रंग नेहमी दिवसाच्या उजेडात तपासायचा."

हेही माझंच. जाऊ दे. मी उजेडात उभी राहिले. डोळे कोरडे ठेवले. पाणी लागलं की केशरी फाटतो. एकेक मुलगी निरखून गेली. चष्मेवालीनं आरसा पुढे केला. "काहीच दिसत नाहीये आता. काकू, तुम्ही पार्लरला जाता का हो?"

"रोज," मी म्हटलं.

आरशात पाहिलं. एक कड सोडली तर काम चोख होतं. हात माझाच वाटावा इतकं. बिघडलं असतं तर बरं वाटलं असतं.

"डावीकडची कड राहिलीय," मी हळूच म्हटलं. "अनामिकेनं. ओढू नकोस, थापट."

"हो, ताई," निकिता म्हणाली, आणि तिनं दचकून मागे पाहिलं.

कुणी ऐकलं नव्हतं. सगळ्यांच्या माना वह्यांत होत्या. मी डोळे मिटले आणि चेहरा तिच्या बोटाखाली धरला.