बियाण्याचे खरबूज

मी एक जुनी सुरी आहे, मित्रांनो, आणि माझी गोष्ट ऐकून तुम्हाला बरे वाटणार नाही. मध्य आशियातल्या आमू नदीच्या काठी एका लोहाराने मला घडवले, शिंगाची मूठ बसवली. पुढची चाळीस वर्षे मी खरबुजे पिकवणाऱ्या मतयोकूबबाबांच्या कमरेला राहिले. खरबुजे कापावीत तर मीच, असे गावात म्हणत. मला त्याचा गर्व होता.

बाबांच्या घराण्याकडे खरबुजाचे एक वाण होते, दुसऱ्या कुणाकडे नसलेले. त्याचे फळ पिकले तरी हिरवेच राही. ओळखायचे ते वासाने. दरवर्षी बाबा एकच फळ बियाण्यासाठी निवडत. घरी ते मी कापायचे, पहिली फोड बाबा खायचे आणि "गोड" म्हणायचे. त्यांच्या आधी कुणी चाखत नसे आणि नंतर कुणी वेगळे बोलत नसे.

एका हिवाळ्यात बाबांना मोठा ताप आला. ताप उतरला, पण वास आणि चव घेऊन गेला. त्यांनी कुणाला सांगितले नाही. मला कळले, कारण कांदा चिरून ते माझे पाते पुन्हा पुन्हा हुंगत. त्यातच उंदरांनी बियाण्याचे गाडगे फोडले. एका पेरणीपुरते बी उरले, तेवढे पेरून टाकले.

फळे आली. बाबा एकेक फळ कितीतरी वेळ नाकाशी धरत होते.

"हुंगतोयस की लग्न लावतोयस त्याच्याशी?" शेजारचा कुर्योझ बांधावरून ओरडला.

"गप रे! तुला शेणाला पण अत्तराचा वास येतो!" बाबा म्हणाले आणि घाईघाईने एक फळ उचलले. बाकीची सगळी त्याच दुपारी ट्रकमध्ये भरून बाजाराला गेली.

पिकलेले खरबूज माझे टोक लागताच पुढे आपोआप तडकते. हे तडकले नाही. त्याने मला घट्ट धरून ठेवले, बाबांना जोर लावावा लागला. मी ओरडले असते, पण सुरीला तोंड कुठे असते?

"गोड," बाबा म्हणाले.

"हो बाबा," सूनबाई ओयजमाल म्हणाली. तिची फोड तिने कशीबशी गिळली. बिया धुताना त्या सगळ्या पोकळ बियांसारख्या पाण्यावर तरंगल्या, तेही तिने पाहिले.

वसंतात वाफ्यात एकही अंकुर आला नाही. बाबांनी माझ्या टोकाने माती उकरली. हाताला लागली ती कुजलेली, पोकळ टरफले. त्यांनी शेजारी उभ्या ओयजमालकडे पाहिले.

"पोरी, तुला ठाऊक होतं?"

"हो बाबा. कच्चं होतं ते."

"मग बोलली का नाहीस गं?"

"तुम्ही गोड म्हणालात. तुमच्यापुढे मी कशी बोलू?"

बाबा वाफ्यातच बसले. "मला वासच येत नाही गं. वर्ष झालं," ते म्हणाले. हे वाक्य आदल्या शरदात बोलले असते तर!

आता त्या शेतात कापूस असतो. मी खिडकीत गंजत पडले आहे, त्याचे मला फारसे वाईट वाटत नाही. मित्रांनो, घरातले वडील माणूस चुकत असेल तर मान राखून सांगा, पण सांगा. आणि तुम्ही घरातले वडीलधारे झालात, तर पहिली फोड कधीतरी सुनेला द्या. तसे खरबूज आता कुठेच नाही.