पिंडी किती वाढली?

सर्वपित्री अमावास्येला भरदुपारी कोपरवाडीच्या किनाऱ्यावर मुंगीलाही शिरायला जागा नव्हती. पावसाळ्यात पुळणीची वाळू वाहून गेली आणि काळ्या दगडाची एक गुळगुळीत पिंडी वर आली. आधी वीतभर, मग हातभर. पाठोपाठ घाटावरून एक बुवा आले. देव आणि बुवा एकमेकांचा पत्ता बरोबर शोधून काढतात.

"पिंडी रोज वाढते आहे," बुवा डोळे मिटून सांगत. "पुरुषभर झाली की सागर सात पावलं मागे सरेल." तोवर भक्तांनी एवढंच करायचं: माणशी पाच टोपल्या वाळू उचलून टेकाडावर नव्या देवळाच्या जोत्यात टाकायची. नारळ निराळा.

समुद्र मागे सरणार म्हटल्यावर कोण ऐकणार नाही? वाडीची सगळी भातशेती मातीच्या बांधाआड. बांध फुटला की शेतात खारं पाणी, आणि मग तीन वर्षं तिथे गवतसुद्धा धड उगवत नाही. बांधाला लागून पहिलं शेत आवडाबाईचं. नवरा गेल्यापासून बांधाची उघाडीही तीच सांभाळायची: ओहोटीला झडप उघडून शेतातलं पाणी सोडायचं, भरतीआधी ती बंद करायची. भरती चढू लागली की उघाडीच्या दगडी भिंतीवर पाणी कितव्या थराला लागलं, हे बघायची तिची सवयच होती. त्या दुपारीही तिने पाहिलं. पिंडीचं टोक बुडालं तेव्हा पाणी बरोबर तिसऱ्या थरावर होतं.

पाच टोपल्या तिनेही वाहिल्या. भात पोटरीला आलेलं, उगीच देवाशी वाकडं कशाला? पण आठ दिवसांत तिच्या लक्षात आलं, की पूर्वी वाळूवरच विरणाऱ्या लाटा आता बांधाच्या पायथ्याला धडका देताहेत. मातीची ढेकळं सुटत होती. तिने आपल्या दिराला, येसाजी पाटलाला, हे सांगितलं. त्याने तिलाच समजावलं, की पिंडी वाढतेय हे आपण रोज हात लावून बघतो, संशय धरू नये. आवडाबाई रात्रभर तळमळली. देव वाढतोय, मग दर्या जवळ का येतोय?

कोजागिरीला दुपारी उधाणाची भरती. बुवांनी जाहीर केलं, की पंधरवड्यात पिंडी वीतभर वाढली. येसाजीने मापून मान डोलावली. तेवढ्यात बांधावरून आवडाबाई बोलली.

"म्हाराज, पिंडी वीतभर वाढली, तर ती बुडायला पानीबी वीतभर जास्त लागंल ना? मागल्या आवसेला टोक बुडालं तवा पानी तिसऱ्या थरावर व्हतं. एकेक थर वीतभराचा. आज चौथा थर बुडाया पायजे. भिंत आपनच बांधलीय, तिचे दगड काय वाढत न्हाईत."

देवाची परीक्षा घेणं हे महापाप, असं बुवा बरंच काही बोलले. पण येसाजीचंही भात बांधाआडच होतं. तो म्हणाला, "बघू तर."

पाणी चढत गेलं. पिंडीचं टोक बुडालं आणि सगळ्या माना भिंतीकडे वळल्या. तिसरा थर. बोटभरही जास्त नाही.

"पिंडी व्हती तेवढीच हाय," आवडाबाई म्हणाली. "खालची वाळू गेली. पावसात दर्या नेतो ती हिवाळ्यात आनून टाकतो. आपन टोपल्यांनी नेली ती कोन आननार?"

मग एवढी गोल कोणी घडवली, असं केसर म्हातारीने विचारलं. त्यालाही आवडाबाईकडे उत्तर होतं: लाटा गोटे घेऊन खडकावर आपटतात, मऊ दगड झिजतो, टणक उरतो. घरचा वरवंटाही वापरून गुळगुळीत होतो, त्याला कोणी नारळ फोडत नाही.

बुवा सागराच्या कोपाविषयी तोंड उघडणार, तोच उघाडीजवळ बांधाचा मोठा तुकडा ढासळला. क्षणात सगळे चिखलात उतरले. बुवा हळूच टेकाडाकडे निघाले होते. केसरने त्यांच्या हातात टोपली दिली. "माणशी पाच, म्हाराज."

ओहोटी लागेपर्यंत हातोहात चिखल पडत राहिला आणि बांध टिकला. भात वाचलं हे दिसल्यावर आवडाबाई चिखलातच बसली आणि रडली. येसाजी शेजारी येऊन उभा राहिला.

"वयनी," तो म्हणाला, "मी रोज पिंडीला हात लावला. पायाखाली बघायचं ऱ्हाऊन गेलं."

दर्याला कोप नसतो, प्रसन्न होणंही नसतं. समोर वाळू असली तर तो लांब थांबतो, वाळू नेली तर आत येतो. हे समजायला बुवा लागत नाही. कोणी चमत्कार सांगितला, तर हात जोडण्याआधी एकदा मोजून बघावं.