तांब्यावरचा धूर

बावीस वर्षं तिनं एका दैनिकासाठी फोटो काढले. आगी, मोर्चे, अपघात. कुठं काही घडलं की कॅमेरा गळ्यात अडकवून ती पळत सुटायची, म्हणून कचेरीत सगळे तिला भिंगरी म्हणत. मग दैनिकानं फोटो विभागच गुंडाळला आणि भिंगरी घरी बसली. तिचा उतरलेला चेहरा बघवेना, तेव्हा वहिनीनं आपल्या कंपनीत शब्द टाकला आणि कुकरच्या कॅटलॉगचं काम तिला मिळवून दिलं.

पहिल्या दिवशी तिनं तासाभरात दोनशे फोटो काढले. कुकर जागचा हलला नाही. मागे उभी असलेली वहिनी म्हणाली, "वन्सं, जरा दमानं. तो काही पळून नाही जायचा."

त्याहून मोठी पंचाईत म्हणजे, कुकरच्या चकचकीत पोटात प्रत्येक फोटोत भिंगरीच दिसत होती, फेंदारलेल्या नाकाची. शेवटी पांढऱ्या कापडाआड लपून, कापडाला पाडलेल्या भोकातून तिनं फोटो घेतला. मग संगणकावर बसून कुकरवरचा एकेक ओरखडा पुसला. बातमीच्या फोटोतली काडीही तिनं कधी इकडची तिकडं केली नव्हती. इथं ओरखडा राहिला तर बोलणी बसत. हे खोटं, की नुसतं काम, तिला उमगेना. हात मात्र सरावत गेला.

दुपारी ती एका म्हाताऱ्या मास्तरांच्या छापखान्यात शिकायला जाई. तिथं फोटो तांब्याच्या पत्र्यावर उतरवून अ‍ॅसिडनं कोरायचे, रुळानं शाई भरायची आणि ओलसर कागदावर दाबून ठसा काढायचा. पहिल्या पत्र्यासाठी तिनं आपला सगळ्यात गाजलेला फोटो निवडला. मागं पेटलेल्या कारखान्याचा काळा धूर, पुढं रस्त्यावर एकटी बाई, ओठ घट्ट मिटलेले. धूर मखमलीसारखा उतरला. मास्तरांनी ठसा दर्शनी काचेत लावला.

तो पाहून एक तरुण शिक्षिका आत आली. "ही माझी आई," ती म्हणाली. "हा ठसा मला हवाय."

शिक्षिकेनं शांतपणे सांगितलं, की आगीत त्यांच्या घरचं कुणी गेलं नव्हतं, आईची नोकरी तेवढी गेली. पण पेपरात फोटो आला आणि कित्येक दिवस लोक दारात सांत्वनाला येत राहिले. आईनं तो अंक फाडून टाकला. फोटो काढणारीवरचा तिचा राग शेवटपर्यंत गेला नाही. गेल्या वर्षी ती वारली.

"मग तुम्हाला हा कशाला हवाय?"

"घरातल्या सगळ्या फोटोंत ती हसतेय. कॅमेरा दिसला की हसायची. एरवी अशी असायची." शिक्षिका जरा घुटमळली. "मागचा धूर तेवढा काढता येईल?"

भिंगरी नाही म्हणाली. आग लागली होती, धूर होता, तो कसा काढायचा? शिक्षिका मान हलवून निघून गेली. पण भिंगरीच्या डोक्यातून ते जाईना. वहिनी म्हणाली, काढून टाका, तुमचं काय जातंय? मास्तर म्हणाले, पत्रा तुझा आहे, आणि शाई घोटत बसले.

चौथ्या दिवशी तिनं गुळगुळीत पोलादी दांडी उचलली आणि पत्र्यावर कोरलेला धूर घासून सपाट करायला लागली. आठवडाभर घासत होती. पत्र्यावरून गेलेला धूर आता परत येणार नव्हता. नवा ठसा निघाला, तेव्हा मोकळ्या रस्त्यावर कुणाची तरी वाट बघून वैतागलेली बाई उभी होती.

शिक्षिकेला निरोप धाडला. तिनं ठसा पाहिला, हसली, मग डोळे पुसले. "मला शाळेतून यायला उशीर झाला की अशीच फाटकात उभी असायची."

ठशाखाली पेन्सिलीनं चित्राचं नाव घालायची रीत होती. भिंगरीनं पेन्सिल घेतली आणि तशीच बसून राहिली. आगीचा दिवस लिहावा, तर आग कुठं होती? वाट बघणारी आई लिहावं, तर तसं काही घडलंच नव्हतं. बऱ्याच वेळानं तिनं शिक्षिकेला आईचं नाव विचारलं. फोटो काढला तेव्हा ते विचारायचं राहूनच गेलं होतं. तेवढंच तिनं लिहिलं.

शिक्षिका गेल्यावर तिनं मास्तरांना विचारलं, "बरं केलं का मी?"

"रूळ पुसून घे," मास्तर म्हणाले. "शाई वाळतेय."

तिनं फडकं घेतलं. कितीही पुसलं तरी फडक्याला काळं लागतच होतं.