न जमणाऱ्या पार्टीचा बेंजो

मित्रांनो, तुम्ही मला माळ्यावरून खाली काढलंत तर आधी टाइपरायटर समजाल. तसं समजू नका. मी एक जुना बेंजो आहे. माझ्या अंगावर टाइपरायटरसारखी बटणं आहेत हे खरं, पण ती दाबून अर्ज लिहिता येत नाही. डाव्या हाताने बटण दाबायचं, उजव्या हातातल्या नखीने तारा छेडायच्या, की मी गातो. निदान गात असे. आता माझ्या तारा गंजल्या आहेत, एक बटण दाबलं की वर येत नाही, आणि माझ्या पोटात एका पालीने दोनदा संसार थाटून मोडला.

माझा जन्म मुंबईतला. एका म्हाताऱ्या कारागिराने सागाची फळी तासून मला घडवलं आणि आपल्या दुकानातल्या काचेच्या कपाटात उभं केलं. १९७४ साली नाशिकचा बहिरू गांगुर्डे तिथे आला, त्याने मला तीनदा वाजवून पाहिलं, दोनदा खाली ठेवलं आणि शेवटी उचललं. एसटीत त्याने मला मांडीवर घेतलं होतं. कसारा घाटात बस वळणं घेऊ लागली तशी त्याने माझ्यावर हात धरला. तो हात मी जन्मभर विसरलो नाही.

बहिरू पाणीपुरवठ्याच्या कामावर चावीवाला होता. पहाटे पाचला सायकलच्या दांडीला लांबलचक लोखंडी चावी बांधून तो निघे आणि एकेका गल्लीचा व्हॉल्व्ह खोले. आमच्या वसाहतीत घड्याळं मागेपुढे होत, बहिरू होत नसे. बायका त्याच्या सायकलच्या खडखडाटावर हंडे मांडत. असा माणूस गाण्याची हौशी पार्टी काढायला निघाला, इथेच चुकलं. ज्याला पाच म्हणजे पाच हे कळतं, त्याने वादकांच्या नादी लागू नये.

पार्टी चौघांची. बेंजोवर बहिरू, ढोलकीवर गोटीराम, क्लॅरिनेटवर कारभारी, गायला काळू. तालीम दर गुरुवारी संध्याकाळी सातला, आमच्याच खोलीत. बहिरूची बायको मालनबाई सुरुवातीला चार कप मांडायची. पुढे दोन मांडू लागली. त्यानंतर ती दार वाजल्याशिवाय स्टोव्हच पेटवत नसे.

कारभारी छापखान्यात पाळीवर होता. त्याच्या सायकलची चेन तालमीला येताना पडायची. घरी जाताना ती एकदाही पडली नाही. काळू भाजीबाजारात कोथिंबीर विकायचा. त्याचा गळा नेमका गुरुवारी बसे आणि शुक्रवारी सकाळी बाजारात पार नदीपलीकडे ऐकू जाईल इतका उघडे. गोटीरामचं दुखणं निराळं. तो सबब सांगतच नसे. कधीही विचारा, तो म्हणे, "येतो." ऑक्टोबरात दिंडोरीला द्राक्षाच्या छाटणीवर जाताना एसटीच्या खिडकीतूनही त्याने बहिरूला ओरडून सांगितलं होतं, "गुरुवारी येतो." तो आला संक्रांतीला. पण आला की काय वाजवायचा. त्याची थाप पडली की माझ्या तारांना न सांगता ताल कळे. म्हणूनच बहिरू त्याच्यावर सगळ्यात जास्त चिडायचा.

एवढ्यावरही आमचं नाव झालं नाही असं नाही. एका जयंतीला निफाडच्या एका गुरुजींनी व्यासपीठावर येऊन माझ्या सुराची तोंडभर स्तुती केली. ते कानाने अधू होते हे आम्हाला पुढे कळलं.

पण मित्रांनो, घरातल्याच एका माणसाने मला कधी ऐकलं नाही. बहिरूचे वडील, सहादूबाबा. आई गेल्यावर ते गावाहून आमच्याकडे राहायला आले होते. बहिरूने माझी पिशवी खुंटीवरून काढली की बाबा कोपऱ्यातली काठी घेत आणि बाहेर जात. पाऊस असला तर पत्र्याखाली उभे राहत, पण आत थांबत नसत. मला वाटे, माझाच काही दोष असावा.

दोष माझा नव्हता. गावात बाबांना डफडं वाजवावं लागे. लग्न कोणाचंही असो, वरात कोणाचीही असो, बोलावणं आलं की दारात उभं राहून वाजवायचं. धर्मांतर झालं त्या साली त्यांनी ते डफडं चुलीत घातलं आणि त्यानंतर कुठल्याही वाद्याजवळ ते बसले नाहीत.

१९८१ साली गावात नवा विहार बांधून झाला. वैशाखी पौर्णिमेला उद्घाटन ठरलं आणि आमच्या पार्टीला बोलावणं आलं. त्या संध्याकाळी बहिरू मालनबाईला म्हणाला, "बानं एकदा बसून ऐकलं पाहिजे. तेही गावात."

"ते घरात ऐकत नाहीत, गावात काय ऐकतील?"

"तिथंच ऐकतील. चारजण सतरंजीवर बसून वाजवताहेत, कुणाच्या दारात उभे नाहीत, हे दिसलं पाहिजे त्यांना. पण चारजण पाहिजेत. एकटा मी बेंजो कुटत बसलो तर काय दिसणार आहे?"

मालनबाई म्हणाली, "चारजण मी सात वर्षांत पाहिले नाहीत. तुम्ही गावाला दाखवायला निघालात."

त्यानंतरच्या तीन गुरुवारी गोटीराम आला नाही. "येतो" मात्र तिन्ही वेळा म्हणाला. पौर्णिमेला सहा दिवस उरले असताना बहिरूला कळलं, की त्याच दिवशीच्या एका लग्नालाही गोटीराम "येतो" म्हणून बसला आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे बहिरू नेहमीसारखा गेला, नेहमीपेक्षा लवकर परत आला, चावी भिंतीला टेकवली आणि मला मांडीवर घेऊन तारा लावू लागला.

साडेसहाला दारात सात-आठ बायका रिकामे हंडे घेऊन उभ्या राहिल्या. पुढे भागीबाई, गोटीरामची आई.

"बहिरू, आमच्या गल्लीला पाणी नाय आलं."

"येईल."

"कधी?"

"गोटीराम आला की."

"गोटीराम काय पाण्याचा बंब हाय व्हय?"

बहिरूने माझी एक तार पिळली. "तो तीन गुरुवार 'येतो' म्हणतोय, मावशी. पाणीही तसंच 'येतो' म्हणालंय."

मागच्या दोघी हसल्या. भागीबाई हसली नाही. "घरात तान्हं लेकरू हाय. त्याला काय सांगू, ढोलकीवाला आला की आंघोळ?"

कोणीतरी गोटीरामला आणायला धावलं. तो बनियनवर आला. दाढी करता करता पाणी संपलं होतं, त्यामुळे अर्ध्या गालावर साबण वाळलेला. पण काखेत ढोलकी होती.

"पुनवेला येशील?"

"येतो."

"लग्नाला जाणार नाहीस?"

"नाय जात, दादा. पाणी सोड."

बहिरूने चावी उचलली आणि तो ताठ मानेने निघाला. खरं सांगतो मित्रांनो, मलाही आनंद झाला. पार्टी पुरी झाली, एवढंच मला कळलं. वाद्याला ताल कळतो, बाकीचं फार कळत नाही.

बहिरू परत आला तेव्हा सहादूबाबा बाहेर ओट्यावर नव्हते. खोलीत, माझ्या समोर बसले होते.

"बस," ते म्हणाले. बहिरू बसला.

"खंडेराव पाटलाच्या पोराचं लगीन व्हतं. तू रांगत व्हतास. मला ताप, उभं ऱ्हायचं बळ नाय. निरोप धाडला, आज वाजवाया येणं व्हनार नाय. दुपारी तुझी आय पाण्याला गेली. हिरीला आपल्याला हात लावता येत नव्हता, कुणी वरून वतलं तरच घागर भरायची. ती दिवस मावळस्तोवर उभी ऱ्हायली. बायका आल्या, भरून गेल्या. कुणी शिवी नाय दिली. कुणी काय बोललंच नाय. निस्तं पाणी वतलं नाय."

"मग?" बहिरूने विचारलं.

"मग काय. उठलो, वाजवलं." बाबा भिंतीला टेकलेल्या चावीकडे पाहत होते. "आमच्यात कुणी उशिरा येत नव्हतं, बहिरू. लय भरवशाचे वादक व्हतो आम्ही."

एवढं बोलून त्यांनी काठी घेतली आणि ते ओट्यावर जाऊन बसले.

त्या दिवशी बहिरूने चहा घेतला नाही. संध्याकाळी तो गोटीरामच्या घरी गेला आणि जाताना मला बरोबर घेतलं. कशाला, ते त्यालाही माहीत नसावं. माफी मागायला रिकाम्या हाताने जाणं जड जात असेल.

आधी त्याने भागीबाईपुढे हात जोडले. "मावशी, माझं चुकलं."

"चुकलंच," भागीबाई म्हणाली. "पुन्यांदा असं करशील तर ती चावी मी हिरीत टाकीन. बस आता, च्या ठेवते."

मग बहिरू गोटीरामकडे वळला. "सकाळी मी तुझ्याकडून जे कबूल करून घेतलं, ते सोड. पौर्णिमेला यायचं असेल तर ये. नसेल तर नाही म्हण."

गोटीरामने ढोलकीची दोरी ओढून घट्ट केली. "लग्न माझ्या मामाच्या पोरीचं हाय, दादा. तिला शब्द दिलाय. तुला नाय म्हणायला जीभच वळंना."

"माझ्याकडे बघू नको. म्हण."

तापलेल्या फरशीवर अनवाणी पाय टेकवून पाहावा, तसा गोटीरामने तो शब्द हळूच टेकवून पाहिला. "नाय येत."

"बरं," बहिरू म्हणाला. बरं म्हणताना त्याचा चेहरा उतरला होता. पार्टी मोडली होती, आणि ती त्याने स्वतःच्या हाताने मोडली होती. माझ्या पिशवीचा बंद त्याने उगाच दोनदा सोडून बांधला.

पौर्णिमेला आम्ही गावी गेलो. सहादूबाबा बरोबर आले. विहाराला नवा चुना दिलेला, पुढे मांडव, मांडवात सतरंजी. काळू आला होता; वैशाख असूनही गळ्याला मफलर होता, त्यावरून मी काय ते समजलो. कारभारी या वेळी सायकलवर येणार नव्हता, त्यामुळे चेन पडली नाही. त्याची एसटी बंद पडली.

बाबा मांडवाबाहेर, लिंबाखाली काठीला रेलून उभे होते. बहिरू मला तसाच हातात घेऊन त्यांच्यापाशी गेला.

"बा, ढोलकी नाही आज. गोटीराम नाही म्हणाला."

"तोंडानं म्हणाला?"

"तोंडानं."

"आन् तू?"

"मी बरं म्हणालो."

बाबांनी बहिरूच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग ते मांडवात आले. पहिल्या रांगेत, आमच्यापासून हातभर अंतरावर बसले आणि काठी आडवी ठेवली.

"वाजव," ते म्हणाले.

मित्रांनो, त्या दिवशी आम्ही फार वाईट वाजलो. ढोलकी नाही, त्यामुळे ताल कधी पुढे पळे, कधी मागे राही. दुसऱ्या अंतऱ्याला काळूचा गळा बसला. कारभारी दुसऱ्या गाण्याच्या मध्येच घामाघूम होऊन आला आणि त्याने पहिल्या गाण्याची चाल धरली. लोक सुपारी कातरत आपसांत बोलू लागले. मुलं उठून गेली. बाबा उठले नाहीत. त्यांनी मान डोलावली नाही की ताल धरला नाही. मांडीवर हात ठेवून ते शेवटपर्यंत ऐकत बसले. बहिरूची नखी एकदा हातातून निसटली, कारण तो तारांकडे पाहायचं सोडून बापाकडे पाहत होता. लोक पांगले तरी बाबा बसून होते. बहिरूने मला पिशवीत घातलं, बंद बांधला, तेव्हा कुठे ते उठले.

त्यानंतरही आमची पार्टी कधी पुरी जमली नाही. पण दर गुरुवारी मी खुंटीवरून निघालो की बाबा घरातच बसत. गोटीराम आला तर ढोलकी असे, नाही म्हणाला तर नसे. तो नाही म्हणायला शिकला आणि मग येईन म्हणाल्यावर येऊही लागला, म्हणजे बऱ्याचदा. १९८४ साली बाबा गेले. दोन वर्षांनी वसाहतीत विजेवर चालणारा एक पियानो आला. त्याच्या पोटात ढोलकीही होती, क्लॅरिनेटही होतं आणि ती दोघं कधी गैरहजर नसत. वसाहतीतले कार्यक्रम त्याच्याकडे गेले आणि मी माळ्यावर गेलो. रुसलो नाही म्हटलं तर खोटं होईल.

आता तुम्हाला एक मागणं. घरात जुनं वाद्य असेल तर त्याला ओल लागू देऊ नका, तारा कोरड्या फडक्याने पुसा, पालीला भाड्याने देऊ नका. आम्ही लाकूड आणि तारा. तेवढ्याने आमचं भागतं. वाजवणारा माणूस मात्र निराळा असतो. त्याची वाट बघा, त्याला हाका मारा, नाहीच आला तर चार शब्द सुनवा. पण त्याच्या घरच्या नळाला हात लावू नका. तो नाही म्हणाला तर त्या दिवशी जेवढे असाल तेवढे बसा आणि वाजवा. चांगलं वाजलं नाही तरी चालेल. समोर कोणी आपल्या मनाने येऊन बसलं असेल, तर त्याच्यासाठी शेवटपर्यंत वाजवा.