ताई, उद्या तुझा गळा कापतो

धाकट्या सुनेला जुळी झाली, त्या वर्षाची ही गोष्ट. घरात सगळे बाळांच्या कौतुकात दंग होते आणि शिंपीमास्तर दुकानात कापायच्या फळीशी फोन घेऊन दात-ओठ खात बसले होते.

"खातं बंद केलं! माझं! म्हणे, मी धमकी दिली!"

थोरली सून इस्त्री उभी करून आली. "काय लिहिलं होतंत, बाबा?"

"काय लिहिणार? नेहमीचंच. ताई, उद्या तुझा गळा कापतो."

सुनेनं हसू दाबलं. "आणि आत्याबाई काय म्हणाल्या?"

"म्हणाली, खबरदार, कापलास तर हात तोडीन. तिचंही बंद केलंय मेल्यांनी."

मास्तरांना सुई धरायला ताईनंच शिकवलं होतं, तेही टपल्या मारून. ती दूर दुसऱ्या गावी एकटी राहायची. आदल्या वर्षी तिच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. फोन केला तर मास्तरांनी एकट्यानं बडबडायचं आणि तिनं पलीकडून नखानं टकटक करायचं. म्हणून सगळं बोलणं लिहून चालायचं, 'सुई-दोरा' नावाच्या ग्रुपवर. ताई, मास्तर, एक पडदे शिवणारी आणि एक कोटवाला. दिवसभर भांडणं.

मानेवरच्या व्रणामुळे ताईनं घराबाहेर पडणं सोडलं होतं. जुळ्यांना बघायला यायचं मात्र तिनं कबूल केलं, एका अटीवर: नवा झगा हवा, गळा हनुवटीपर्यंत बंद. मास्तर म्हणत, श्वास कोंडेल, उशीला खोळ घातल्यासारखी दिसशील. झग्याचं घोडं तिथंच अडलं होतं. आणि नेमकं कापड फळीवर पसरलेलं असताना ग्रुपच गेला.

मास्तरांनी तक्रार केली. डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर आलं: तुमचं म्हणणं तपासलं, निर्णय कायम.

"कुणी तपासलं? त्यानं जन्मात शर्ट घातला नाही का? त्याचा गळा कुणीतरी कापलाच असेल ना!"

ताईचा साधा मेसेज आला: जिवंत आहेस का? पण साध्या मेसेजवर फोटो जाईना, आणि चौघांना एकत्र बोलता येईना. "दोघांत वाद कसला," ताईनं लिहिलं, "बघायला माणसं नकोत?"

मग सुनेनं फोनवर चौघांच्या गप्पांसाठी नवी ठिकाणं शोधायला घेतली. पहिल्यानं दारातच विचारलं, कोणत्या सर्व्हरवर राहणार?

"मला राहायचं नाही गं, बोलायचंय!"

दुसरीकडे लिहिलेलं दिवसभरात आपोआप पुसलं जायचं. कोटवाला खूश झाला, त्याच्या चुकाही पुसल्या जात होत्या. ताईनं कळवलं, मी सकाळी दिलेल्या शिव्या त्याला संध्याकाळी परत वाचता आल्या पाहिजेत. तेही बाद. तिसरीकडे अनोळखी माणसांची ही गर्दी, आणि सगळे एकच बोलत होते: आपण जुन्या ठिकाणाहून बाहेर पडलो ते किती बरं झालं.

"बाहेर पडून बसलात, आता बोला की काहीतरी!" मास्तर फोनवर खेकसले. फोननं उलट विचारलं, सूचना चालू ठेवू का?

शेवटी सून म्हणाली, "बाबा, साधा ईमेल. एकच पत्ता करते. त्यावर लिहिलं की चौघांना जाईल. मध्ये कुणी नाक खुपसणार नाही."

"हे इतकं जुनं आधी का नाही काढलंस?"

"तुम्ही विचारलंत कुठं? तुम्ही नुसते ओरडत होतात."

ताईचा पहिला ईमेल आला: फुलं पाठवायची नाहीत, सुविचार पाठवायचे नाहीत. गळ्याचं काय झालं?

पुन्हा जुंपली. मास्तरांनी खडूनं आखलेल्या कापडाचा फोटो टाकला. कोटवाला म्हणाला, कॉलर लावा. त्याला प्रत्येक दुखण्यावर कॉलर हेच औषध माहीत. पडदेवालीनं मात्र लिहिलं, "ताई, मी जन्मभर पडदे शिवले. लोक झाकलेल्या खिडकीकडेच जास्त बघतात."

त्यावर ताई गप्प झाली. मास्तर येता-जाता फोन बघायचे आणि सुनेवर चिडायचे. "तुझा हा ईमेल पोचतो तरी का?"

पोचत होता. एका दुपारी उत्तर आलं: "काप. बोटभरच. आणि कड नीट ठेव, डॉक्टरनं ठेवली नाही."

मास्तरांनी चष्मा पुसला, कात्री उचलली आणि तिनं सांगितल्याप्रमाणे बोटभरच कापलं.

ताई आली ती झगा घालूनच. जुळ्यांतल्या एकानं तिच्या मानेवर लाळेचा हात फिरवला, तिनं फिरवू दिला. मास्तर समोर बसून कौतुकाची वाट बघत होते. तिनं मांडीवरचं बाळ सावरत फोनवर काहीतरी लिहिलं. मास्तरांच्या खिशात फोन वाजला, दूर पडदेवालीचा आणि कोटवाल्याचाही वाजला असणार. चौघांना एकदमच कळवलं होतं: "गळा बरा आहे. डावा खांदा पडलाय. उसव."

"अगं, समोर बसलीयेस ना! मला एकट्याला दाखवता आलं नसतं?" मास्तर ओरडले. ती आवाजाविना पोट धरून हसली.

मास्तरांनी खांदा उसवून परत शिवला. पुढच्या वर्षी, जुळी चालायला लागली त्या महिन्यात, ताई वारली.